अंगणाला लावलेलं मेण

२ नोव्हेंबर, शनिवार

अंगण आज पुरं झालं. चिरवा मिस्त्रीने ओल्या सिमेंटवरून लांब दांड्याचा झाडू ओढत आणला, फाटकापासून थेट ओट्याच्या पायरीपर्यंत आडव्या रेघा मारल्या, आणि मग कंबरेवर हात ठेवून आपल्याच कामाकडे बघत उभा राहिला. त्याचं तोंड कधी बंद नसतं. मला म्हणाला, "तिनोच्या आई, ह्याच्यावर पावसात लग्नाची वरात नाचू दे, एक माणूस पडणार नाही. फक्त ह्याला काही फासायचं नाही. मेण नको, पॉलिश नको. रेघा बुजल्या की चिरवा जबाबदार नाही."

हे अंगण माझ्या पसंतीचं आहे, हे इथे लिहून ठेवते, कारण या घरात माझं म्हणणं रोज रोज चालत नाही. आमच्या डांगामवुरात, म्युटारेच्या या डोंगराळ उपनगरात, सपाट जमीन शोधून सापडत नाही. गेल्या पावसात माझ्या नवऱ्याचा, फनुएलचा, पिकअप फाटकातून जो सुटला तो चिखलावरून घसरत पेरूच्या झाडाला जाऊन टेकला. तेव्हापासून फनुएलच्या डोक्यात समोरच्यांसारख्या चकचकीत टाइल्स होत्या. मी म्हटलं, इथे महिनामहिना बुरबुर असते, तुमच्या आईचं वय बघा, टाइल्स लावायच्या तर त्यांना आधी पंख लावा. दोन दिवस अबोला झाला आणि मग तो कबूल झाला. सिमेंटमध्ये लाल पूड मिसळायची कल्पनाही माझीच, म्हणजे ओटा आणि अंगण एकाच रंगाचं दिसेल.

अंबुया, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावरून सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रंग बरा आहे. चकाकी नाही."

लग्न होऊन आले तेव्हापासून दर शनिवारी मी गुडघ्यावर बसून ओट्याला लाल पॉलिश करते आणि कुठला कोपरा राहिला ते अंबुया खुर्चीतून सांगतात. एकदा त्यांनी फडकं स्वतःच्या हातात घेतलं होतं. मी ते हिसकावून घेतलं. सासू गुडघ्यावर दिसली की शेजारणी विचारतात, सून कुठे मेली?

१० नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर यूस्टिना तेते आल्या. तेते म्हणजे फनुएलची थोरली बहीण. राहतात रुसापेला, पण या घराचा कारभार तिथूनच बघतात. फाटकातून आत आल्या, थांबल्या, चपलेच्या टोकाने अंगण खरवडलं आणि म्हणाल्या, "हे काय गं? शेळ्या बांधणार आहात का इथे?"

मी हसले. अशा वेळी हसावंच लागतं. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या रविवारी महिला मंडळाची प्रार्थना आपल्याकडे ठेवली आहे. म्हणजे म्युटारेच्या निम्म्या बायका लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घालून या अंगणात बसणार. त्यातल्या बहुतेक टोप्या मीच शिवलेल्या. त्या टोप्यांखालची डोकी काय बोलतील ते मला पाठ आहे.

तेते बोलल्या त्याचं इतकं लागलं नाही. त्यांचं तोंडच तसं. लागलं ते अंबुयांचं गप्प राहणं. एक शब्द माझ्या बाजूने बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? खाली मान घालून नुसत्या अंगणाकडे बघत राहिल्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार

केलं. करायचं नव्हतं आणि केलं.

वीज जाते म्हणून जपून ठेवलेल्या मेणबत्त्या वितळवल्या, रॉकेल घातलं, उरलेली लाल पूड घातली आणि डबाभर पॉलिश केलं. फनुएल कामावर होता. अंबुया जेवून आडव्या झाल्या होत्या. पायरीखालचा उताराचा तुकडा, जिथे पाहुण्यांची पहिली नजर पडते, तेवढाच घेतला. तीन वेळा हात मारला, मग जुन्या ब्लँकेटच्या तुकड्याने घासलं. वरवरची चकाकी आली, पण झाडूच्या रेघा काही पुरत्या भरल्या नाहीत. खोलगट भाग निस्तेजच राहिले. हात भरून आले तेव्हा अर्धा डबा तसाच शेडमध्ये ठेवून दिला.

चिरवाने काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. विसरले असं लिहिलं तर ते खोटं होईल. अनवाणी चालून बघितलं, कोरड्यावर पाय सरकला नाही. स्वतःला म्हटलं, सोमवारी सोडा घालून काढून टाकू. एका रविवारचा तर प्रश्न आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अंबुया पडल्या. काल, नीट उजाडायच्या आधी, अंगणात. खुब्याचं हाड मोडलंय.

मी आवाजाने उठले. बाहेर बुरबुर सुरू होती आणि त्या माझ्या तुकड्यावर एका कुशीवर पडलेल्या होत्या. ओरडत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "फनुएलला उठव. तू पाय टाकू नकोस, तू पण पडशील."

इतक्या पहाटे त्या बाहेर कशाला गेल्या कोण जाणे. संडास तर घरातच आहे. कोंबड्यांना बघायला गेल्या असतील.

मंडळाच्या बायका प्रार्थनेला आल्या त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. तिथेच गायल्या. गाणं संपल्यावर तेते मोठ्याने म्हणाल्या, हे त्या चिरवाचं काम, बाईमाणसाच्या जिवावर उठला. फनुएल म्हणाला, त्याला मी बघतो. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. हे लिहिताना मला माझ्या मानेचीच शिसारी येते आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फनुएल हॉस्पिटलात असताना उकळतं पाणी आणि सोडा घेऊन तो तुकडा घासून काढला. सोमवारी काढायचं ठरवलं होतं, एका दिवसाचा उशीर झाला. रेघांमध्ये मेण अगदी काठोकाठ बसलं होतं. शनिवारी मी एवढं भरलं होतं? मला तर खोलगट भाग राहिलेला आठवतो.

शेडमधला डबा बघितला तर पूर्ण रिकामा. अर्धा ठेवला होता अशी माझी पक्की समजूत होती. आता माझ्या आठवणीवर तरी कसा विश्वास ठेवू? खोटं बोलायला लागलेलं माणूस आधी स्वतःशी बोलत असेल.

अंबुयांचे कपडे भिजत घातले. झग्याला गुडघ्यापाशी लाल डाग. डॉक्टर म्हणतात कुशीवर पडल्या, पण आधी गुडघ्यावर आपटल्या असणार. ते डाग निघता निघत नव्हते, आणि मी घासत बसले होते.

फनुएल परत आला तेव्हा मी अंगणात ओली, हात सोलवटलेले. त्याला वाटलं मी दुःखाने अंगण धुते आहे. मला उठवलं, स्वतः चहा करून दिला. लग्नानंतर पहिल्यांदा.

२४ नोव्हेंबर, रविवार

फनुएलने आज चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर चिरवाला धरलं. दुपारी चिरवा आपणहून घरी आला. उकिडवा बसला, बादलीभर पाणी ओतलं, टाच घासून बघितली, बूट काढून पुन्हा टाच घासली. मग म्हणाला, "मी मुलांची शपथ घेतो, ह्याच्यावर माणूस घसरत नाही. ह्याच्यावर कुणीतरी मेण लावलं होतं."

"कोणी?" फनुएल म्हणाला. "माझ्या आईने? की माझ्या बायकोने? नाव घे."

कुणाच्या घरात उभं राहून असं नाव घेता येत नाही, आणि चिरवा कितीही बडबड्या असला तरी त्याला एवढं कळतं. तो गप्प झाला. त्याला गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघितला. त्याच्यासाठी चहा आणि जाड कापलेला पाव मी घेऊन गेले, रीतीप्रमाणे गुडघे टेकून पुढे ठेवला, आणि त्याने "आभारी आहे, तिनोच्या आई" म्हटलं. पाव तसाच राहिला.

जाताना फाटकाजवळ सांगून गेला की प्राथमिक शाळेच्या अंगणाचं काम त्याच्या हातून गेलं. मुख्याध्यापक चर्चमध्ये आमच्या मागच्याच बाकावर बसतात.

१ डिसेंबर, रविवार

फनुएलने ठरवलंय की हे अंगण घणाने फोडायचं आणि नवं करायचं. काय करायचं ते निवडायची जबाबदारी पुन्हा माझ्यावर. "तुला यातलं कळतं," म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

काल तो मला पिकअपमधून गावभर हिंडवत होता आणि मी दुकानादुकानातून पाणी मागून नमुन्यांवर ओतत होते. खडीत वॉकरची चाकं रुततात. फरशीचे दगड दिसायला देखणे, पण आमच्या बुरबुरीत त्यांच्यावर शेवाळ धरतं. पेव्हर ब्लॉक मला आवडले असते, पण उतारावर कडेला नीट बांध घातला नाही तर ते हळूहळू खाली सरकतात, आणि पेरूचं मूळ खालून त्यांना उचलणार ते वेगळंच. खरखरीत टाइल्स सांध्यांत माती भरेपर्यंत ठीक. दुकानदार मला म्हणाला, बाई, उतार आहे, म्हातारं माणूस आहे, गाडी चढते, तर सिमेंटवर झाडूच्या रेघा मारून घ्या, त्यासारखं काही नाही. फनुएल त्याच्यावर उखडला. मी पुढचा नमुना बघायला गेले.

संध्याकाळी हॉस्पिटलात. तेते तिथेच होत्या. सुट्टी मिळाली की आईला रुसापेला नेणार म्हणाल्या. त्यात मला नवल नाही. पण अंबुया स्वतःच म्हणाल्या, "हो, मी जाते. त्या घरात मला आता तोंड दाखवायला नको."

दाखवायला नको की बघायला नको? माझं तोंड, असं म्हणायचं होतं का त्यांना? तेते पाणी आणायला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "शेडमध्ये एक डबा होता. टाकलास का?"

त्यांना माहीत आहे. पडल्या त्या क्षणापासून माहीत असणार, आणि मुलाकडे एक शब्द काढलेला नाही. मी म्हटलं, टाकला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बरं केलंस."

सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं. त्या नसताना घर शांत आहे. परवा मी कापड कापताना गुणगुणत होते, आणि कोणी कोपरा दाखवणारं नाही याचं मला क्षणभर बरं वाटलं. त्या रुसापेला गेल्या तर हे असंच राहील. शनिवारी मेण लावत होते तेव्हा हे माझ्या मनात होतं का? नव्हतं, असं मी शंभरदा स्वतःला सांगते, आणि एकदाही पटत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

अंबुयांना सकाळी सुट्टी मिळाली, तेते त्यांना न्यायला आल्या. पिकअप घरासमोर उभा केला, त्यांचं सामान घेऊन लगेच रुसापेला निघायचं असं ठरलं होतं. अंगणात दोन माणसं घण घेऊन उभी होती. फनुएलने चिरवालाही बोलावलं होतं, आपलं काम फुटताना बघायला. हे त्याने करायला नको होतं. चिरवा फाटकाबाहेरच उभा राहिला, टोपी हातात.

अंबुयांना चाकाच्या खुर्चीत ओट्याखाली ठेवलं होतं. पहिल्या माणसाने घण उचलला आणि माझे गुडघे आपोआप टेकले. मोठ्यांपुढे बोलायचं तर आम्ही जशा टाळ्या वाजवतो तशा वाजवल्या. टाळीचा आवाजच येईना.

मी म्हटलं, "फोडू नका. मेण मी लावलं होतं. तेते शेळ्या म्हणाल्या म्हणून. चिरवाने नको सांगितलं होतं तरी."

मग अंबुया बोलल्या. "ती खोटं बोलते आहे. मेण मी लावलं. माझ्या हाताने, पहाटे, कोणी बघू नये म्हणून अंधारात. त्यातच पडले."

"आई," फनुएल म्हणाला.

"तुझी बायको मला झाकते आहे. चिरवाला आत बोलाव आणि त्याची माफी माग."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं, मी, मीच. कोणी ऐकेल तर शपथ. तेते रडायला लागल्या, त्यांनी मला जमिनीवरून उठवून छातीशी धरलं आणि म्हणाल्या, अशी सून मी आयुष्यात बघितली नाही, आईची लाज राखायला स्वतःवर घेते. घणवाल्या माणसांनीसुद्धा मान डोलावली. फनुएलने चिरवाचे दोन्ही हात धरले. पण शाळेचं काम दुसऱ्याने कधीच सुरू केलंय.

सुटले म्हणावं तर सुटले. अंबुयांनी माझं पाप स्वतःच्या पदरात घेतलं, मोडक्या हाडासकट. इतकं कोणी माझ्यासाठी करावं असं मी काय केलंय? रुसापेचं जाणं सोमवारपर्यंत पुढे ढकललं आहे.

८ डिसेंबर, रविवार

बाकीचे चर्चला गेले. मी मागे राहिले. अंबुयांना मक्याच्या पिठाचा पातळ साडझा भरवत होते, तेव्हा मी म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतं.

त्यांनी चमचा बाजूला केला. "खोटं कोण बोललं? खोटं तर तू बोललीस."

"अंबुया, मी त्या शनिवारी दुपारी मेण—"

"तू पण?"

मग त्यांनी सांगितलं. त्या शनिवारी संध्याकाळी खिडकीतून त्यांना अंगणाचा तो तुकडा दिसला. वरवर लाल, मधे मधे निस्तेज रेघा. त्यांना वाटलं चिरवाचा रंगच विटलाय. उद्या मंडळाच्या बायका येणार, म्हणतील, सुनेचं अंगण बघा. शेडमध्ये अर्धा डबा सापडला. मी ओट्यासाठी ठेवला असेल असं वाटलं. दिवसा गुडघ्यावर बसल्या तर लोक मला नावं ठेवणार, म्हणून सगळे झोपेत असताना बसल्या. रेघा न् रेघा भरली. डबा शेडमध्ये परत ठेवून पायरीकडे वळल्या तर बुरबुर सुरू झालेली.

"यूस्टिनाने शेळ्या म्हटलं तेव्हा मी काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड एवढंसं झालं. आठवडाभर मला झोप नव्हती. म्हटलं, तोंडाने नाही जमलं, हाताने तरी करावं."

मग म्हणाल्या, "आणि तो बिचारा चिरवा. तीन आठवडे मी पडून पडून ऐकत होते त्याला शिव्या, आणि गप्प होते. पोराला सांगायची लाज वाटली की तुझी आई चोरून फरशी घासत होती."

मला वाटायचं, एकीचा दोष निघाला की दुसरीचा आपोआप कमी होईल. तसं काही झालं नाही. त्यांनी रेघा भरल्या पण डबा माझा, मेणबत्त्या माझ्या, सुरुवात माझी. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले, दुखऱ्या बाजूला नाही, दुसऱ्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि मधेच म्हणाल्या की साडझा गार झाला.

संध्याकाळी त्यांनी फनुएलला सांगितलं की रुसापे रद्द. "तिथे सगळे मला चांगली म्हणतील," म्हणाल्या, "ते मला सोसणार नाही."

२ फेब्रुवारी, रविवार

महिला मंडळ आज आलं, जे नोव्हेंबरात यायचं होतं. सकाळपासून बुरबुर. अंगण तेच आहे. चिरवाने तारेच्या ब्रशने रेघा पुन्हा मोकळ्या करून दिल्या आणि प्रत्येक रेघेमागे एक भाषण दिलं.

प्रार्थना झाली, गाणी झाली, चहा झाला. मग अंबुयांनी मला सांगितलं, "एक बादली पाणी आण. ओत इथे, पायरीखाली." चिरवालाही निरोप धाडून बोलावलेलं होतं. तो फाटकाच्या आत, पण जेमतेम आत, उभा होता.

मी पाणी ओतलं. त्यांनी वॉकर बाजूला ढकलला. तेते किंचाळल्या असत्या, पण अंबुयांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. माझा दंड धरला आणि अनवाणी पायऱ्या उतरून त्या ओल्या उतारावर उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी बघा," त्या म्हणाल्या. "ह्या माणसाचं काम चोख आहे. मेण आम्ही लावलं होतं. अर्धं मी, अर्धं माझ्या सुनेने."

बायकांना ती चेष्टाच वाटली. हसल्या, जिभा हलवून आनंदाचा चीत्कार केला, कोणीतरी मला म्हणालं, बघ, म्हातारी तुझा किती मान राखते. मी "नाही, खरं आहे" म्हणाले, तर आणखी हसल्या. हसला नाही तो एकटा चिरवा. त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग टोपी डोक्यावर घातली.

अंबुया चालत होत्या. पायरीपासून फाटकापर्यंत, चढावर, एक एक पाऊल. पाय कुठेच सरकला नाही. पण त्या घाबरल्या होत्या. बायकांना ते कळलं नाही, मला कळलं, कारण त्यांनी माझा दंड इतका आवळून धरला होता की आता बघते तर त्यांची चारही बोटं तिथे उमटली आहेत. लिहिताना हात ठणकतो आहे. मी त्यावर काही लावलेलं नाही.